हातभर खड्डा आणि उरलेली माती

मीरा रोडच्या आमच्या बिल्डिंगचं माती परीक्षण माझ्या कमरेपर्यंत झालेलं आहे.

गोष्ट नव्वदच्या सुमाराची. स्टेशनपासून रिक्षा मिठागरं आणि चिखल ओलांडत जायची आणि "आ गया" म्हणून जिथे उतरवायची, तिथे काहीच आलेलं नसायचं. फक्त एक बोर्ड, लाल मुरमाचा डोंगराएवढा ढीग आणि साइट सुपरवायझर मेहता. तिथे आमचा फ्लॅट होणार होता. सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, मनातल्या मनात तिथे पडदेसुद्धा लावले होते. चाळीत बादली घेऊन रांगेत उभं राहायचा तिला अगदी वीट आला होता. पण परळची खोली अण्णांच्या नावावर! वडिलांनी होकाराच्या कागदावर सही केल्याशिवाय ती विकून फ्लॅट घेता येणार नव्हता आणि मेहताला तो कागद त्याच रविवारी हवा होता.

अण्णा पिशवीत खुरपं घेऊन आले.

"हातभर खड्डा खणायचा," त्यांनी जाहीर केलं, "आणि तीच माती परत भरायची. उरली तर जमीन चांगली. कमी पडली तर चहासुद्धा न घेता घरी!"

खाडीच्या बाजूला खणलं. माती परत भरली, दाबली. दोन ओंजळी कमी पडली!

"ही जमीन माती खाते," अण्णा म्हणाले. "उद्या बिल्डिंग खाईल. चला."

"अरे दादाजी, अभी तो भराव डालेंगे ना!" मेहता कळवळला. सुलभाचा चेहरा उतरला; काहीतरी करणं भाग होतं. शिवाय मी होतो सरकारी बांधकाम खात्यात. (टायपिस्ट. पण 'मृदा परीक्षण अहवाल' हे शब्द मी इतके बडवले होते, की घरात मीच इंजिनिअर!)

"अण्णा, जागा चुकली," मी म्हणालो. "परीक्षण पक्क्या मुरमात करायचं असतं." आणि ढिगाच्या अगदी पायथ्याशी खुरपं मारलं.

"अहो, तिथे नको," सुलभा म्हणाली. "डब्यात खालून रवा काढला की वरचा धबकन येतो ना, तसं होईल!"

"स्वयंपाकघर वेगळं, इंजिनिअरिंग वेगळं! हा उतार स्थिर आहे."

मुरूम कसा लोण्यासारखा निघत होता! उत्साहाच्या भरात मी हातभर सोडून गुडघाभर खणला आणि खड्ड्यात उतरून अण्णांना म्हणालो, "बघा, एक कण तरी हलतोय का?"

एक कण हलला. त्याच्यामागून बाकीचे आले!

धूळ बसली तेव्हा मी कमरेपर्यंत मुरमात होतो आणि खड्डा नावाला शिल्लक नव्हता. "सुलभा!" मी ओरडलो. ती धावली. मेहता धावला. अण्णा मात्र माझ्याभोवती शांतपणे एक फेरी मारून आले.

"उरली!" ते ओरडले. "खड्डा भरून माती उरली! अरे, केवढी उरली!"

"अण्णा, मी आत आहे!"

"तू थांब जरा. मेहता, हात लावायचा नाही! निकाल लागू दे."

मी आशेने बायकोकडे पाहिलं. सात जन्मांची सोबतीण!

"अण्णा," ती गोड आवाजात म्हणाली, "मग आता सही करताय ना?"

"करतो की! आणा कागद."

मेहताने कागद आणायला धूम ठोकली. जाता जाता दोन मजुरांना हाक मारली, "पहले साब को निकालो!" त्यांनी काखेत हात घालून मला उपटलं. मी बाहेर आलो आणि माझ्या जागी बरोबर माझ्याच मापाचा खड्डा उघडा पडला. कडेची माती आत घसरली. अण्णांनी पेन उघडलं होतं. ते पेन हवेतच थांबलं.

"कमी पडली रे," ते हळहळले.

सुलभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अण्णांनाही ते दिसलं. ते खाकरले. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"शरद," ते म्हणाले, "परत उतरतोस का जरा?"

"अण्णा, याला परीक्षण म्हणत नाहीत!"

"मग तुमच्या खात्यात काय म्हणतात?" सुलभाने विचारलं. तिच्या हातात मजुराचं घमेलं होतं.

मी निमूटपणे उतरलो. तिने भराभरा घमेली ओतली, अण्णांनी खुरप्याच्या पाठीने माती थोपटली. कमरेपर्यंत भरून झाल्यावर चांगली ढीगभर उरली. अण्णांनी समाधानाने मान डोलावली आणि कागद टेकवायला जवळपास टेबल नव्हतं म्हणून माझ्या पाठीवर ठेवून झोकदार सही केली.

सगळ्या आयुष्यात मी एकदाच ठामपणे उभा राहिलो, आणि तेसुद्धा बायकोने आणि वडिलांनी मिळून पुरल्यावर!