पुस्तकातल्या घरचा कडू घास

आमच्या भाकरी केंद्रात पिठासंगं किस्सेही मळले जातात. राजारामपुरीत चार बायका शेगडीपुढं बसल्यावर दुसरं काय होणार!

तव्यावर आमची शोभा असायची. दिवाळीआधी गेली. तिची सायली कॉलेज सुटलं की आईच्या जागी येऊन बसायला लागली. पोरगी कामाला वाघीण! पण आईचं नाव तोंडातनं काढायची न्हाई, रडायची तर न्हाईच.

एकदा म्हणाली, "मावशी, लायब्ररीतनं कादंबरी आणलीय. मोठ्यानं वाचू?"

मी चौथी शिकलेली. म्हटलं, "वाच की! तवा मी बघतो."

*

कादंबरीत मीनल नावाची पोरगी. तिची आई आजारी, आणि बाप ते पोरांपासनं लपवतो. कागलच्या आक्कानं रागानं थापटी अशी मारली की भाकरीच फाटली!

"त्या बाबाला फोन लाव गं!"

"आक्का, तो पुस्तकात हाय."

"मग लिवणाऱ्याला लाव!"

*

एक गिऱ्हाईक पार्सलसाठी ताटकळलेलं. मी म्हटलं, "पावणं, दम खावा. बाईला आयसीयूत नेलीया."

त्यानं हेल्मेट काढलं. "रक्त लागलं तर सांगा. माझं ओ पॉझिटिव्ह हाय!"

खरं कळल्यावरही गेला न्हाई. धडा संपेपर्यंत बसला. अशी आमची गिऱ्हाईकं!

*

आक्का नृसिंहवाडीला गेली, तर मीनलच्या आईसाठी नारळ फोडून आली.

सायली म्हणाली, "आक्का, छापलेलं बदलत न्हाई."

"दत्ताला काय अवघड हाय!"

त्या दिवशी पोरगी पहिल्यांदा हसली.

*

दत्तानं ऐकलं न्हाई. मीनलची आई गेली. सायलीनं ते बातम्यागत वाचलं. पाहुणे आले, मीनल झोपली...

"थांब!" आक्का ओरडली. "कडू घास कुणी आणला? मयताच्या घरात चूल पेटत न्हाई. शेजारपाजार मेलाय काय तिथं?"

सायलीनं मागची पुढची पानं चाळली. "लिहिलेलं न्हाई."

"म्हंजे पोरगी उपाशी झोपली!"

दुसऱ्या दिवशी आक्कानं पिठलं-भाकरीचा डबा आणला आणि पुस्तकाशेजारी ठेवला. "मीनलचा हाय. तिला पोचत न्हाई, तर तू खा."

कुणी हसलं न्हाई. सायलीनं घास घेतला, गिळला. म्हणाली, "आई पातळ करायची."

"ठावं हाय. त्याच्यावरनं भांडायची माझ्यासंगं!"

मग जे रडली पोरगी!

तेवढ्यात तेच पावणं दारात आलं. हेल्मेट काढून हळूच म्हणालं, "गेली काय पुस्तकातली बाई?"

सायलीनं डोळेसुद्धा पुसले न्हाईत.

"माझी आई गेली, दादा."