बँजोची खंडेनवमी

इंग्लंडात ब्रॅकनेलला असताना मी सहा महिने खपून, पुस्तकात बघून, हाताने एक गिटारसारखा तारांचा, अमेरिकी डोंगरी बँजो केला. अक्रोडाच्या लाकडावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं. पुण्याहून आलेल्या आईला रोज संध्याकाळी तो वाजवून दाखवायचो. ती निमूटपणे ऐकायची.

खंडेनवमीला ऑफिसातून आलो तर माझा रंधा, पटाशी आणि बँजो पाटावर मांडलेले. आईने हळदकुंकू वाहून कातड्यावर चांगलं पळीभर पाणी सोडलं होतं. कातडं भिजून सैल पडलं होतं. तार छेडली तर नुसतं भद्द झालं.

"आई, अगं वाजायचा बंद झाला हा," मी वैतागून म्हणालो.

आईने फूल नीट ठेवलं. "म्हणजे आधी वाजत होता?"