भोंग्याने जांभळी केलेली मॅच

भोंग्याचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. स्पीकरच्या कारखान्यात तो चुंबकं बसवायचा. चुंबक हातातून निसटून लोखंडाला चिकटलं की मध्ये सापडलेल्या बोटाचा चेंदामेंदा. संध्याकाळी मनगटं कामातून गेलेली असायची.

त्या रविवारी स्वतः जोडलेला भलामोठा स्पीकर खांद्यावर घेऊन तो तीन जिने चढला. वर त्याची होणारी बायको राहायची. होणारी म्हणजे, तिचे बाबा हो म्हणाले तर. बाबा निवृत्त ट्रक ड्रायव्हर, शब्दाला कंजूष. फुटबॉलची फायनल लागली होती. भोंग्याने ऐटीत स्पीकर टीव्हीला खेटून ठेवला आणि हिरवंगार मैदान जांभळं झालं.

भोंग्याला घाम फुटला. जुन्या टीव्हीत विजेचे कण मागून सुसाट येऊन काचेवर आदळतात, त्यातून चित्र उमटतं. चुंबक थांबलेल्या कणाच्या वाटेला जात नाही, धावत्याला मात्र बाजूला ढकलतं. ढकललेले कण भलत्याच रंगावर पडत होते. स्पीकर लांब नेला, तरी जांभळं ते जांभळंच. काचेमागच्या लोखंडी जाळीत चुंबकत्व मुरलं होतं.

बाबा म्हणाले, "पोरगी दिली तर तीही जांभळी करून आणेल."

पोरगी उशीत तोंड खुपसून हसत होती.

भोंग्या खाली धावला, पण तळमजल्यावरचा टीव्ही मेकॅनिक मॅच सोडून उठेना. त्याने तारेच्या वेढ्यांचं जाडजूड कडं आणि लांब वायर भोंग्याच्या गळ्यात घातली आणि सांगितलं, कडं चालू करून पडद्यासमोर गोल फिरवायचं, फिरवतच मागे सरकायचं, पुरेसं लांब गेल्यावरच बंद करायचं. जवळ बंद केलं तर डाग आणखी पक्का.

वर येऊन भोंग्या कडं फिरवू लागला. खुर्चीला धडकला, दाराबाहेर गेला, उलट्या पावलीच जिना उतरू लागला. दंड भरून आले, पण हात थांबला नाही.

"पळाला," बाबा म्हणाले.

"पळणारा पाठ दाखवतो, बाबा. हा तोंड दाखवत चाललाय."

खाली खटका बंद झाला. मैदान हिरवं झालं होतं, आणि त्यावर गोल झाला. बाबा जिन्यात धावले आणि त्यांनी भोंग्याला कड्यासकट उचलून गरगर फिरवलं.

"तारीख काढा," ते धापा टाकत म्हणाले, "आणि तो स्पीकरचा डबा घरी ने."

भोंग्याने वर्षभर जादा पाळ्या केल्या. त्या कमाईतून खोली मिळाली आणि एक रुंद पलंग आला. तो दारातून आत जाईना. बायकोने पेचकस घेतला आणि दारच काढून ठेवलं.