गालाची पारख

मोठे मामा कातारी. लेथवर लाकूड फिरवून ते बुद्धिबळाचे मोहरे घडवायचे. पांढरे फिकट लाकडाचे, काळे शिसवीचे. तीस वर्षांत त्यांनी किती राजे गादीवर बसवले, याची मोजदाद नाही.

मोहरा लेथवरून उतरला की फुंकर मारून ते भुसा उडवत आणि तो अलगद गालावरून फिरवत. "हात खोटं बोलतात," ते म्हणायचे. "घट्टे पडले की सगळंच गुळगुळीत वाटतं. गाल मात्र लगेच चुगली करतो." गालानं होकार दिल्याशिवाय एक प्यादंही दुकानाबाहेर गेलं नाही.

पन्नाशी ओलांडली आणि त्याच गालांवर लाल चट्टे उठले. पापण्या सुजल्या, गळा चरचरू लागला.

"एरवीही तोंड फुगलेलंच असतं तुमचं," मामी म्हणाली, "मला कळायलाच आठ दिवस लागले."

मामांनी पॉलिशवर संशय घेतला आणि ते काम मामीकडे दिलं. मग साबण बदलला. वांगं बंद झालं. लाकडाचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. ज्यानं इतकी वर्षं पोसलं, त्याच्यावर आळ कसा घ्यायचा?

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांचे हात पाहिले, मग पापण्या.

"हातांना फारसं काही नाही. चट्टे आहेत ते चेहऱ्यावर, गळ्यावर, पापण्यांवर. म्हणजे हवेतून येऊन बसतंय काहीतरी. दुकानात हवेत काय उडतं?"

"काय उडणार? भुसा," मामा हसले, आणि हसता हसता थांबले.

दोन्ही लाकडांचा भुसा पट्ट्यांखाली ठेवून, त्या पाठीवर लावून तपासणी झाली. दोन दिवसांनी पट्ट्या निघाल्या, तेव्हा शिसवीच्या चौकोनाखाली लाल फोड होते. फिकट लाकडाची जागा कोरी.

"पण बाई, तीस वर्षं काही झालं नाही!"

"तीस वर्षं शरीरानं ऐकून घेतलं. आता ते ऐकणार नाही."

महिनाभर मामा घरी बसले. चेहरा निवळला, तसा धीर आला. "नुसता बसून येतो," म्हणत ते दुकानात गेले. धाकटे मामा लेथवर शिसवीचा वजीर उतरवत होते. मोठ्या मामांनी लाकडाला बोटसुद्धा लावलं नाही, दाराशी बसून नुसत्या सूचना केल्या. संध्याकाळपर्यंत डोळे मिटण्याइतके सुजले. तेव्हा कुठे त्यांना पटलं.

आता मागच्या खोलीत भुसा ओढणारं यंत्र बसवलंय. तिथे धाकटे मामा काळे मोहरे उतरवतात, कपडे तिथेच बदलतात, आणि फरशी कोरडी झाडत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात. मोठे मामा पुढच्या खोलीत, दार लावून, तोंडावर मास्क चढवून पांढरे मोहरे करतात. पण काळ्यांची पारख कुणी करायची? धाकट्यांच्या गालावर दाढी.

उरली मामी.

"मला काय कळतंय तुमच्या लाकडातलं?"

"नवऱ्यातली खोट इतकी वर्षं बरोबर काढलीस. तसंच."

परवा मी गेले तेव्हा ओल्या कापडानं पुसलेला काळा उंट मामीच्या हातात होता. तिनं तो गालावरून फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला.

"इथे. मानेखाली. खरखरतंय."

"छे! धाकट्याचं काम आहे ते, मीच शिकवलंय त्याला. आण इकडे."

हात पुढे आला, उंट बोटांत आला, आणि सवयीनं गालाकडे निघाला. गालापासून दोन बोटांवर मामा थांबले.

त्यांनी उंट तिच्याकडे परत दिला.

"दे धाकट्याला," ते म्हणाले. "मानेखाली आणखी एक हात मारायला सांग."

मग साबण घेऊन ते हात धुवायला उठले.