जल्लादकाकांची वाचा

आमच्या ह्यांना सगळी गल्ली जल्लादकाका म्हणते. माणूस कसा, तर घरात झुरळ निघालं की कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडून येणारा. पण काम काय, तर आमच्या जुन्या शहरात पूर्वी माणसं कुठे मारली, कशी मारली आणि मारताना काय काय चुकलं, हे पर्यटकांना पायी फिरवत सांगायचं. वेशीवर टांगलेली मुंडकी, कैद्यांची विहीर, चौकातला मान ठेवायचा ठोकळा, शेवटी जल्लादाचं घर. लोक खिशातले पैसे घालून अंगावर काटा आणून घ्यायला येतात. मी म्हणते, भाजी चिरताना बोट कापून घ्या, फुकटात काम होईल.

त्याआधी हे चपलांच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बूट चढवता चढवता ह्यांची गोष्ट सुरू व्हायची, आणि गिऱ्हाईक गोष्ट पुरी ऐकून बूट तिथेच टाकून निघून जायचं. मालक एकदा वैतागून म्हणाला, "तुम्ही एक तर बूट विका, नाही तर गोष्टी विका." ह्यांनी ते मनावर घेतलं. दुकान सुटलं, तरी नजर पायाशीच राहिली. फिरायला आलेल्या माणसांना हे बुटांवरून हाक मारतात, असं लेक सांगायची. "पांढरे बूट, पुढे या. उंच टाचांवाल्या ताई, जपून, दगड निसरडे आहेत." लोकांना ते फार आवडायचं.

लेक सांगायची, कारण मी स्वतः कधी गेले नव्हते. झगा मात्र माझ्या हातचा. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन आहे. पँट आखूड करा, चेन बदला, उसवलेलं शिवा, दिवसभर हेच. त्यातून वेळ काढून ह्यांना काळा पायघोळ झगा शिवून दिला, आतून दोन खिसे, एक टॉर्चला आणि एक घशाच्या गोळ्यांना. पण रक्ताचं नाव काढलं की माझ्या पोटात ढवळतं. म्हणून घरात नियमच केला, मुंडकी उंबऱ्याबाहेर. मग हे बिचारे बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून आपलं पाठांतर करायचे. तरी दाराच्या फटीतून एखादा शब्द यायचाच, आणि मी मशीन आणखी जोरात पळवायचे.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय वाचले, उजवा थोडा ओढतो इतकंच. पण वाचा गेली. म्हणजे एक शब्द तेवढा उरला, "हो".

"चहा हवा का?"

"हो."

"की नको?"

"हो."

"अहो, मी वेडी झालेय का?"

"हो."

हसावं की रडावं कळेना. मी आधी हसले, मग मोरीत जाऊन रडले, मग बाहेर येऊन चहा केला. ह्यांना सगळं समजत होतं, हेच तर वाईट. शब्द घशाशी आलेला दिसायचा, डोळ्यांत दिसायचा, आणि ओठांवर आला की त्याचा "हो" व्हायचा. मग हे डाव्या हाताने मांडीवर थापटी मारायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. गोष्टी विकून खाणारा माणूस, त्याच्या तोंडाला असं कुलूप. मला देवाचा, डॉक्टरांचा, ह्यांचा, सगळ्यांचाच राग यायचा. राग माझ्या नाकावर असतोच, पण तेव्हा तो खाली उतरेचना.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. चित्रं दाखवायच्या, कप, खुर्ची, मांजर. सगळ्याला "हो". हल्ली त्या घरी जाताना माझ्याशी दारात हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या, आणि दारातलं हळू बोलणं कधी चांगलं नसतं.

आणि एका सकाळी काय झालं सांगू. मी मशीनवर होते, दोरा तुटला म्हणून थांबले. बाथरूममध्ये नळ चालू. आणि त्या पाण्याच्या आवाजातून ह्यांचा आवाज आला, खणखणीत, पूर्वीचा:

"मंडळी, मान सांभाळा. या वेशीच्या आत मान असणं ही चैन होती."

मी धावले. सुई बोटात गेली, रक्त आलं, त्याचंही भान नाही. दार ठोकते तर आत पुढची तीन-चार वाक्यं झरझर चाललेली, मुंडकी मिठाच्या पाण्यात कशी उकळायची, पक्ष्यांनी चोच मारू नये म्हणून. माझ्या जन्मात मी मुंडक्यांचं वर्णन ऐकून इतकी खूश झाले नव्हते. हे बाहेर आले. मी म्हटलं, "अहो, बोललात की तुम्ही. पुन्हा बोला." हे माझ्याकडे बघत राहिले. "हो," म्हणाले.

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. वर्षानुवर्षं घोकलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहिलेलं असतं. पण ते पाठ आहे, बोलणं नव्हे. फार आशा धरू नका. पाठ नसलेलं एक वाक्य, अगदी एकच, स्वतःहून आलं, तर मात्र मला सांगा. मग पुढे खूप करता येईल."

एकच वाक्य ना? मी म्हटलं, घेऊनच येते. बाथरूममध्ये चार वाक्यं येतात, तर खऱ्या जागेवर किती येतील? लेकीला बोलावलं, घडीचं स्टूल तिच्या काखेत दिलं, ह्यांना झगा चढवला. झगा बघून ह्यांनी गालावरून हात फिरवला. दाढी करा, असं म्हणणं होतं. दाढी केली. मी उत्साहाच्या भरात घाई केली, त्यामुळे हनुवटीला थोडं कापलंच.

ह्यांच्या जागी एक नवी गाईड आली होती. आधी विमा विकायची, म्हणजे मरणाशी तिचाही जुना संबंध. मुलगी स्वभावाने चांगली. म्हणाली, "काका बोलतील तेवढं बोलू देत, अडले तर मी आहेच." रविवारची सकाळ, वीसेक माणसं जमलेली, चौकात. ह्यांना ठोकळ्यापाशी उभं केलं.

"हो," हे म्हणाले.

लोक थांबले. "हो," हे पुन्हा म्हणाले, आणि घाम फुटला. एक जण घड्याळ बघायला लागला. नव्या मुलीने पुढे होऊन बोलायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात लख्ख दिसलं मला. बाई गं, चौक कसला? ह्यांचं तर वेशीपासून सुरू होतं. अधेमध्ये धरून शिवण उसवायला गेलं की दोरा तुटतो, टोकच धरावं लागतं.

"सगळ्यांनी वेशीकडे चला," मी म्हटलं.

"काकू, हल्ली आपण इथूनच सुरू करतो," नवी मुलगी म्हणाली. "बस इथे थांबते ना. वेस शेवटी. तुम्ही म्हणताय ते उलटं होईल."

"उलटं तुमचं आहे. आमचं सुलट आहे. चला, उठा, त्या आजोबांना हात द्या कोणीतरी."

वीस माणसांची वरात मी चौकातून वेशीपर्यंत हाकत नेली. कुरकुर करणाऱ्या एकाला सांगितलं, चालायलाच आला आहात ना, मग चाला. वेशीखाली गेल्यावर ह्यांनी माझा हात सोडला. भिंतीतल्या लोखंडी आकड्याला बोट लावलं. मग लोकांच्या पुढे येऊन त्यांच्याकडे तोंड केलं, पाठ गावाकडे.

"मंडळी, मान सांभाळा."

आणि सुटले. अडखळणं नाही, शोधणं नाही. गाईड लोक लोकांकडे बघत मागे मागे चालतात, तसेच हे उलटे चालायला लागले, ओढत्या पायाने. मी धावत जाऊन झग्यावरून कमरेला घट्ट धरलं आणि मागे दगड बघत पावलं टाकायला लागले. ह्यांची जीभ पुढे, माझे डोळे मागे. लेक हसत होती आणि डोळे पुसत होती.

विहिरीपाशी म्हणाले, "खाली उतरवताना विचारायचे, गुन्हा कबूल आहे का. वर काढताना विचारत नसत. कारण वर काढतच नसत." चौकात ठोकळ्यावर थाप मारून म्हणाले, "नवशिका जल्लाद. पहिला घाव खांद्यावर, दुसरा लाकडावर. मग कैद्यानेच मान वर करून सांगितलं, बाबा रे, जरा डावीकडे." लोक खो खो हसले. मीही हसले. माझ्या पोटात ढवळलं वगैरे काही नाही. इतकी वर्षं जे ऐकू येऊ नये म्हणून मशीन पळवलं ते हे होतं होय, असं वाटलं, आणि ह्यांचा असा अभिमान वाटला की कमरेची पकड सुटायची वेळ आली.

पण कान माझे वेगळ्याच गोष्टीकडे लागले होते. पाठ नसलेलं वाक्य. चौक ओलांडताना लाल बूट घातलेला एक उंच माणूस दगडावरून घसरला. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. आता म्हणतील, लाल बूट, जपून. हे थांबले, बुटांकडे बघितलं, ओठ हलले. आणि पुढचं पाठ केलेलं वाक्य बाहेर आलं. माणूस आपला आपण उठला. माझी आशाच मावळली. म्हणजे बाई म्हणत होत्या तेच खरं. रेकॉर्ड लागली होती, आणि घरी गेलं की पुन्हा "हो".

शेवटची जागा जल्लादाचं घर. तटाच्या भिंतीला चिकटलेलं, एका खिडकीचं, अरुंद. हे खिडकीखाली उभे राहिले आणि आवाज खाली आणला.

"गावाला त्याचं काम हवं होतं, तो नको होता. पाववाला त्याचा पाव वेगळा, ओळखू यावा म्हणून उलटा ठेवायचा. रस्त्यात दिसला तर लोक मान वळवायचे. आयुष्यभर या माणसाशी गावातलं कोणी एक शब्द बोललं नाही." मग झगा सावरून म्हणाले, "मंडळी, चला पुढे."

संपलं होतं. आणि मला राग आला. कशाचा, नक्की सांगता येत नाही.

"आणि बायको?" मी विचारलं. "ती नव्हती का त्याला? ती बोलत असेल ना?"

हे माझ्याकडे वळले. "मंडळी, चला..."

"चला नाही. मी विचारलंय. त्याची बायको कुठे होती?"

नवी मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "काकू, त्यांना त्रास होतोय, राहू द्या." लेक म्हणाली, "आई, पुरे." ह्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. डावा हात मांडीवर आपटत होता. मला दिसत होतं की मी ह्यांना विहिरीत उतरवतेय, आणि वर काढता येईल की नाही याची खात्री नाही. तरी मी हटले नाही.

"हो," हे म्हणाले.

"हो नकोय मला."

लाल बूटवाला टोपी काढून उभा होता. ह्यांनी डोळे मिटले.

"घ," हे म्हणाले. "घ... घरी."

मी ह्यांच्या आणखी जवळ गेले. "घरी काय करत होती?"

"घरी," हे म्हणाले. मग ओठ एकावर एक दाबून, ढकलून ढकलून, "चि... चिडायची."

"चिडेल नाही तर काय करेल?" मी ओरडलेच. "दिवसभर मुंडक्यांच्या गोष्टी, हिवाळ्यात गळ्याला मफलर नाही, सांगून सांगून जीव गेला तरी औषध वेळेवर नाही, आणि मग एक दिवस असं गप्प व्हायचं? तिने काय करायचं? कोणाशी बोलायचं तिने?"

लोक माझ्याकडे बघत होते. मी रडत होते, नाक पुसायला रुमालही नव्हता. हे सावकाश लोकांकडे वळले, नीट उभे राहिले, आणि पर्यटकांना वेस दाखवतात, विहीर दाखवतात, तसा तळवा वर करून डावा हात माझ्याकडे केला.

"मंडळी," हे म्हणाले. "हीच ती."