रडण्याचा रकाना

"उभी राहा."

साहेब एवढंच म्हणाले. मी उभी राहिले.

महिन्याची बैठक होती. आरोग्य केंद्राच्या लांब खोलीत आम्ही वीस-बावीसजण बसलो होतो. नर्सा, पुरुष कर्मचारी, कंपाउंडर, क्लार्क. साहेब म्हणजे केंद्राचे डॉक्टर. त्यांच्या हातात माझी डायरी होती. कोणत्या दिवशी कोणाच्या घरी गेलो, काय केलं, ते आम्ही त्यात लिहायचो आणि ते दर महिन्याला सही करायचे. त्या दिवशी सही केली नाही. मागची पानं उलटून मोठ्यानं वाचायला लागले.

"सुभद्राबाई. शुगर. लघवी विटकरी. रडती. झोप न्हाई. जेवन न्हाई. तासभर बसले."

मी बोलते तसंच लिहिलं होतं. साहेबांनी 'न्हाई'वर जोर दिला. आमच्या वस्तीतल्या बायांसारखा हेल काढला. खोली हसली. माझ्या डब्यातलं कधी काही न खाणारी शेजारची सिस्टर तोंडाला पदर लावून हसली.

"रडण्याचं औषध कोणत्या कपाटात असतं, सिस्टर? मलाही दाखव."

त्यांनी पुढचं पान उलटलं.

"रजिस्टरात रडण्याचा रकाना आहे?"

"नाही, साहेब."

"नसबंदीच्या केसेस किती आणल्यास?"

"एक."

"एक. आणि एका बाईजवळ तासभर बसतेस. गप्पा मारायला घेतलंय का सरकारनं तुला?" मग क्लार्ककडं वळून, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राखीव जागा भरल्या की हे असं होतं."

बाकीच्या नर्सांना साहेब तुम्ही म्हणायचे. मला तू. नोकरीला लागल्यापासून. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मला बस म्हणायचं ते विसरले नाहीत. त्यांना म्हणायचंच नव्हतं. लसीचं झालं, हिवतापाच्या रक्ताच्या काचांचं झालं. चहा आला. सगळ्यांना मिळाला. मला कोणी दिला नाही, मी मागितला नाही. बैठक संपेपर्यंत उभी होते. संपल्यावर साहेबांनी कोरा कागद पुढं केला. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. "नेमून दिलेल्या कामाशिवाय इतर घरी जाणार नाही." खाली सही केली. माझा हात कोणी धरला नव्हता. मीच केली.

आता सुभद्राबाईचं सांगते.

सोनपेठच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला एक गाव. तिथं माझं उपकेंद्र होतं, म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कपाट. सुभद्राबाई गावातल्या शेतकरी घरातली. पंचेचाळिशीची. नवरा अबोल, सासू म्हातारी पण घर तिच्या हातात. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात शुगर निघाली होती. गोळ्या दिल्या होत्या. त्यात बाभळीचा काटा पायात मोडला आणि जखम भरेना. मी मलमपट्टीला गेले.

"तिथंच बसा नर्सबाई," सासू म्हणाली. "आत देव हाय."

ओसरीच्या कडेला पोतं टाकलेलं होतं. बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला कप होता. तो कप मला ओळखीचा होता. ज्या गावात गेले त्या गावात तो होताच. चहा आला की मी म्हणायचे, मी चहा पीत नाही. दिवसातून चारदा पिणारी बाई मी. त्यांच्या सुनेच्या पायातला पू माझ्या हातानं निघायचा. तो हात त्यांना चालायचा.

तेव्हा शुगर बघायची रीत साधी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर बरं. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्ती, विटकरी झालं तर सगळ्यात जास्ती. सुभद्राबाईची नळी दर वेळी विटकरी व्हायची.

"गोळ्या घेता का?"

"घेते की."

दोनदा मी ते मान्य केलं. तिसऱ्या वेळी नाही केलं. त्याला कारण माझी माय.

विद्यापीठाचं नाव बदलून आमच्या महापुरुषाचं द्यायचं ठरलं त्या वर्षी गावानं आमची घरं जाळली. मी आठवीत होते. आम्ही ज्वारीच्या रानात लपलो होतो. मायला दमा होता, तोंडात पदर कोंबून ती खोकला दाबत होती. नंतर पत्रे आले, भिंती झाल्या, आम्ही परत राहायला लागलो. माय बोलायची थांबली. वेणी घालेना. भाकरी पुढं ठेवली तर बघत बसायची. आम्ही तिला तीन डॉक्टरांकडं नेलं. तिघांनी छातीला नळी लावली. तिघांनी दम्याच्या गोळ्या दिल्या. माय, झोप येती का, असं तिला एकानंही विचारलं नाही.

मीही विचारलं नाही. मला वाटायचं, दम लागतो म्हणून बोलत नसेल.

दोन वर्षांनी ती गेली. तिची वाकळ उचलली तर खाली फडक्यात बांधलेल्या गोळ्या. सगळ्या. लोक म्हणाले, दम्यानं गेली. सरकारी कागदावरही तसंच आहे.

म्हणून त्या तिसऱ्या खेपेला मी सुभद्राबाईला गोळ्यांचं विचारलं नाही. म्हणाले, "बाई, गोळी हातात घेतली की काय वाटतं तुमाला?"

तिनं दाराकडं बघितलं. सासू आत होती.

"कशाला खाऊ, असं वाटतं," ती म्हणाली.

मग हळूहळू सांगितलं. लेक पिंगळीला दिली होती. पहिल्या बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. तेराव्यानंतर सासूनं सांगितलं, आता पुरं, घरात रडायचं न्हाई. सुभद्राबाई रडायची थांबली आणि झोपायचीही थांबली.

"इहिरीवर पानी शेंदायला वाकले की वाटतं, वाकतच जावं."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. भाजीत मीठ जास्ती झालं म्हणावं तशी.

मला यातलं काही शिकवलेलं नव्हतं. प्रशिक्षणात शरीराची सगळी चित्रं होती. मनाच्या आजाराचं म्हणजे एक पान, त्यात वेड्याच्या दवाखान्याचं नाव. ही बाई वेडी नव्हती. तिचा पाय भरत नव्हता कारण शुगर उतरत नव्हती. शुगर उतरत नव्हती कारण ती गोळी खात नव्हती. आणि गोळी खात नव्हती कारण तिला जगायचं नव्हतं. एवढं सरळ होतं. ते कळायला डॉक्टर लागत नव्हता, पोत्यावर बसायला कोणीतरी लागत होतं.

मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागले. पाय धुवायचे, पट्टी करायचे, गोळी माझ्यासमोर घ्यायला लावायचे. मग बसायचे. ती लेकीचं सांगायची. लेकीला कोणती भाजी आवडायची, ती भांडायची कशी. मी ऐकायचे. तिच्या नवऱ्याला एकट्याला गाठून सांगितलं, "दादा, बाईला इहिरीवर एकटं धाडू नका." दुसऱ्या दिवसापासून घागर त्यानं घेतली.

दोन महिन्यांत नळी विटकरीची पिवळी झाली. एकदा हिरवी झाली. जखमेच्या कडा लाल दिसायला लागल्या, जिवंत. एके दिवशी ती वेणी घालून बसली होती.

"नर्सबाई, तुमाला माय हाय का?"

मी सांगितलं. सगळं. रान, घरं, गोळ्या. ती उठली, लंगडत आत गेली आणि घरातल्या तांब्यात पाणी आणून माझ्या हातात दिलं. सासू दारातच उभी होती. "आगं," एवढंच म्हणाली. मी पाणी प्याले.

त्याच आठवड्यात ती बैठक झाली.

तिचं घर नेमून दिलेल्या कामात बसत नव्हतं. मी जायचं बंद केलं. धाकटा भाऊ माझ्या जिवावर शिकत होता, नोकरी गेली तर घर बसणार होतं. हे खरं आहे. पण ते सगळं खरं नाही. त्या खोलीतलं हसणं माझ्या कानात बसलं होतं. डायरीत काही लिहायला घेतलं की साहेबांचा हेल ऐकू यायचा. मी लाजत होते. माझ्या बोलीला, माझ्या अक्षराला, एका बाईजवळ तासभर बसले त्याला. तिच्या गल्लीनं जायचं टाळून मी मारुतीच्या मागनं जायचे. सात आठवडे.

आठव्या आठवड्यात तिच्या दारात बैलगाडी दिसली. गाडीत गवत, गवतावर सुभद्राबाई. पाय घोट्यापर्यंत काळा. वास गल्लीभर.

परभणीला तिचा पाय गुडघ्याखाली कापला.

मी रजा टाकून बघायला गेले. नवरा बाकड्यावर बसला होता, मला बघून उठला आणि बाहेर गेला. तिनं डोळे उघडले. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुमी कामून आल्या न्हाईत?"

माझ्याजवळ उत्तर होतं. साहेबांनी मनाई केली. पण ते तोंडातून बाहेर येईना. पाय तिचा गेला होता आणि मी स्वतःचे हात धुऊन घ्यायला निघाले होते.

"मंगळवारी वाट बघायचे," ती म्हणाली. "शुक्रवारी बघायचे. मंग वाटलं, कटाळल्या असतील. गोळ्या चुलीत टाकल्या."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी उभीच राहिले. मग निघाले.

सुभद्राबाईचा भाऊ तालुक्यातला वजनदार माणूस होता. त्यानं जिल्ह्याला तक्रार केली. शुगरची रोगी, जखम होती, उपकेंद्राची नर्स फिरकली नाही. चौकशी लागली तसं साहेबांनी मला बोलावलं. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी खुर्चीकडं हात केला.

"बसा, सिस्टर."

बसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी बसले नाही.

माझी डायरी त्यांनी पुढं सरकवली. "या तारखांना भेट दिली असं लिहा. रुग्णाने उपचार नाकारला, असं लिहा. तिनं गोळ्या टाकल्याच ना? त्यात खोटं काय आहे?" मग समजुतीनं म्हणाले, "तुम्हाला गावाजवळ बदली पाहिजे ना? बघू आपण."

मी डायरीकडं बघितलं. माझंच अक्षर. विटकरी. रडती. झोप न्हाई.

"साहेब, मी त्या घरी गेले न्हाई. तुमी जाऊ दिलं न्हाई."

"नीट बोल."

तुम्ही गेलं, तू परत आलं.

"मी असंच बोलते, साहेब."

"मी मनाई केली त्याला पुरावा काय?"

"तुमच्या फायलीत हाय. माज्या सहीचा कागद."

त्यांचा चेहरा बदलला. ते बराच वेळ बोलत राहिले. माझी जात, माझी नेमणूक, माझ्यासारख्यांना डोक्यावर कोणी बसवलं, पुन्हा नोकरी कुठं मिळते ते बघतो. मी पेन काढलं. त्यांच्या टेबलावर, उभ्यानंच डायरीत लिहिलं. "सात आठवडे भेट दिली नाही. मनाई होती. मी ती मानली. मानायला नको होती."

अक्षर वेडंवाकडं आलं. पण आलं.

साहेबांना काही झालं नाही. फायलीतला तो कागद चौकशीला सापडला नाही. वर्षाच्या आत त्यांना बढती मिळाली, जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. निरोपाला हार होते. सुभद्राबाई कुबडी घेऊन दीड वर्ष जगली. सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं जायचे. ती बोलायची, गोळ्याही घ्यायची, पण पहिल्यासारखी माझ्यावर टेकली नाही. तो तिचा हक्क होता. माझी बदली जिंतूरकडच्या डोंगरातल्या एका गावाला झाली. विद्यापीठाला नाव मिळायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

बदलीच्या आधी मला नोटीस आली होती. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कारवाई का करू नये, कारणे दाखवा. क्लार्क म्हणाला, "बाई, माफी लिहून टाका, मिटून जाईल." मसुदाही त्यानंच करून दिला, चांगल्या शुद्ध भाषेत. मी तो बाजूला ठेवला.

मी लिहिलं, शुगरच्या रोग्याला झोप नसंल, जेवन नसंल, जगावं वाटत नसंल तर तो शुगरचाच इलाज हाय. तो करायला मी जात होते. जायचं बंद केलं हा माजा कसूर. त्याची शिक्षा द्या, मी घेते. गेले हा कसूर न्हाई. त्याची माफी मी मागनार न्हाई. जिथं टाकताल तिथं मी असंच इचारनार, असंच बसनार, असंच लिवनार.

सरकारी कागदावर सही करताना मी आडनावाच्या जागी नुसतं पहिलं अक्षर टाकायचे. आडनाव वाचलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, म्हणून. त्या दिवशी पूर्ण लिहिलं. एक एक अक्षर सुटं, ठळक, कोणालाही वाचता येईल असं.