मामाजींचा अकरा एकांचा आकडा

माझ्या मामेसासऱ्यांइतका आकड्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. रिठदला त्यांचा भाजीचा मळा आहे. पाहुणा आला की ते त्याला आधी वांग्यांची तासं, म्हणजे सऱ्यांच्या ओळी, मोजायला लावतात. ती एकोणतीस, मिरचीची तेवीस. कशानंही भाग न जाणारी संख्याच त्यांना खानदानी वाटते. सहा बाया तण निंदायला आल्या की चार-चार तासं वाटून पाच उरतात, ती कोणी घ्यायची यावरून जुंपते आणि शेवटी मामाजीच खुरपं घेऊन बसतात. "एक तास वाढवा ना," मी एकदा म्हणालो. "अन् तीसाले तं कोनीबी तोडते! त्याले काय इज्जत हाय?"

लाडका आकडा मात्र एकच, अकरा वेळा एक. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, हे ते एका दमात म्हणतात. सात वर्षांपूर्वी मामी गेल्या, सकाळ खायला उठली, तेव्हा त्यांनी तो हाती घेतला. रोज चहा झाला की जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर एक भागाकार. सातानं दोन उरतात, तेरानं नऊ, मग सतरा, एकोणीस, असं करत गाडी वीस हजारांच्या पुढे गेली. "एकटाच हाय हा, जवाईबापू. कोनाच्याच हाती लागत नाई," ते कौतुकानं सांगत. वर दम भरत, "मोबाईलवर पाह्यलं तं सोयरीक तुटली समजा!"

मी पाहिलं. दोन वर्षांपूर्वी, जऊळका स्टेशनवर गाडीची वाट बघताना. उत्तर चटकन आलं: एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं पूर्ण भाग जातो. मी घाईनं मोबाईल खिशात टाकला. तेव्हापासून पत्रिकांचा गठ्ठा वाढताना पाहिला की भीती वाटायची. आकडा तुटला, तर हा माणूस सकाळी कशासाठी उठणार?

परवा फोन आला. "जवाईबापू, तुटला."

"म्हणजे?" मी विचारलं, जणू मला ठाऊकच नव्हतं.

"आतून दोन आकडे निघाले. दुसऱ्यालेबी आठ दिस तपासून पाह्यलं, तोबी तुटत नाई. सात वर्सं मी त्याले एकटा समजून राह्यलो होतो, अन् आत दोघं होते!" आवाजात दुःख नव्हतं, उलट पोरासारखा आनंद होता. मोबाईलचं गुपित मी तिथंच गिळून टाकलं, कायमचं.

"मग आता उद्या सकाळी काय?" मी भीतभीत विचारलं.

"उद्याचं उद्या पाहू. आज मात्र तुमची मामी पायजे होती. म्हनली असती, एवढ्यासाठी सात वर्सं लागली काय तुमाले?"

ते मोठ्यानं हसले. मला काही हसता आलं नाही.